श्वसनसंस्था शिकताना या चुका टाळा (आणि मॉडेलच्या नळीत फुंकू नका)

वीसेक वर्षं विज्ञान शिकवते आहे. श्वसनसंस्थेचा प्रश्न असलेला गठ्ठा तपासायला घेतला की पहिलं पान उलटायच्या आधीच एक वाक्य डोळ्यांपुढे येतं: 'श्वास घेतल्यावर हवा फुप्फुसांत भरते, त्यामुळे छाती फुगते.' हुशार मुलं हेच लिहितात, आणि त्यांना घरी शिकवणारे आईवडीलही हेच सांगतात. अक्षर सुंदर, आकृती रंगवलेली, आणि कारण-परिणाम मात्र उलटे.

हवा शिरते म्हणून छाती फुगत नाही. छाती फुगते म्हणून हवा शिरते.

फुप्फुसाला स्वतःला फुगवेल असा स्नायू त्याच्यात नसतोच. काम बाहेरचे करतात. फुप्फुसांच्या खाली घुमटासारखं श्वासपटल असतं, ते आकुंचन पावलं की सपाट होत खाली सरकतं. बरगड्यांमधले स्नायू बरगड्या वर आणि बाहेर उचलतात. छातीच्या पिंजऱ्यात जागा वाढते, त्याबरोबर फुप्फुसं ताणली जातात आणि आतला दाब किंचित उतरतो. किंचित म्हणजे किती, तर बाहेर पाऱ्याचे 760 मिलिमीटर असतील तेव्हा शांत श्वासात आत जेमतेम एक मिलिमीटर कमी. तेवढ्यावर हवा आत येते. बंदिस्त वायूची जागा वाढली की दाब घटतो हे रॉबर्ट बॉइलने 1662 मध्ये मांडलं. मुलं तो नियम भौतिकशास्त्राच्या वहीत लिहितात आणि जीवशास्त्राची वही उघडताना विसरतात.

पटत नसेल तर आत्ता करून बघा. नाक चिमटीत धरा, तोंड मिटा आणि बरगड्या वर उचलायचा प्रयत्न करा. छाती थोडी हलते, आत ओढ जाणवते, आणि हवा तर एक थेंबभरही गेलेली नाही. मी हे वर्गात आकृतीच्या आधी करून घेते. आधी आकृती काढली की मुलं बाण पाठ करतात.

आता बाटली आणि फुग्याचं ते मॉडेल. बाटली म्हणजे छाती, बुडाशी रबराचा पडदा म्हणजे श्वासपटल, वरून नळी, नळीच्या आतल्या टोकाला फुगा म्हणजे फुप्फुस. पडदा खाली ओढला की फुगा फुगायला हवा. एका प्रदर्शनात माझ्याच वर्गातल्या मुलांनी ते आदल्या रात्री उरकलं होतं. बाटली घेतली होती पाण्याची, पातळ प्लास्टिकची. परीक्षकांसमोर पडदा खाली ओढला, तर फुगा तसाच लोंबकळत राहिला आणि बाटलीच्या भिंती आत दबल्या. दोनदा, तीनदा. परीक्षक वहीत काही टिपायला वळले तेवढ्यात एका पठ्ठ्याने वाकून वरच्या नळीत जोरात फुंकर मारली. फुगा टम्म! खालचा पडदाही फुगून बाहेर आला. वर हा मला विजयी मुद्रेने सांगतो, "बाई, बघा, हवा आत गेली की श्वासपटल खाली जातं!"

मला हसावं की रडावं कळेना. पेपरातली चूक त्याने माझ्यासमोर चक्क प्रयोगाने सिद्ध करून दाखवली होती.

तेव्हापासून माझ्याकडे नियम ठरलेले आहेत. बाटली जाड आणि कडक हवी, दाबली तर दबता कामा नये. फुगा आधी चार-पाच वेळा फुगवून सैल करून घ्यायचा. नळीभोवती मेण ओतायचं. चिकटपट्टीने भागतं म्हणणाऱ्यांचं मी ऐकत नाही. मग पडदा ओढून धरायचा आणि दहा अंक मोजायचे. तेवढ्यात फुगा मलूल झाला तर कुठेतरी गळती आहे, पुन्हा मेण. आणि वरच्या नळीला तोंड लावणाऱ्याचे गुण कापायचे.

मॉडेल नीट चाललं तरी ते दोन गोष्टी खोट्या सांगतं, तेही मुलांना सांगून टाकावं. एक, खरं श्वासपटल आरामात असताना सपाट नसतं, घुमट असतं. दोन, फुगा आणि बाटली यांच्यामध्ये हवा असते, पण फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये द्रवाचा पातळ थर असतो. दोन ओल्या काचा एकमेकींना चिकटून सरकाव्यात तसं फुप्फुस भिंतीबरोबर ओढलं जातं. उच्छ्वासाचं तर विचारूच नका: 'स्नायू जोर लावून हवा बाहेर ढकलतात' असं लिहितात. शांत बसलेल्या माणसाचा उच्छ्वास आपोआप होतो, ताणलेलं फुप्फुस परत आखडतं एवढंच. जोर लागतो तो धावताना, खोकताना किंवा मेणबत्ती विझवताना.

दुसरी लाडकी चूक: 'आत ऑक्सिजन घेतो, बाहेर कार्बन डायऑक्साइड सोडतो.' आपण हवा घेतो आणि हवाच सोडतो. आत येते तिच्यात ऑक्सिजन सुमारे 21 टक्के, जाते तिच्यात अजून 16 टक्क्यांच्या आसपास शिल्लक. कार्बन डायऑक्साइड 0.04 वरून साधारण 4 टक्क्यांवर जातो. 78 टक्के नायट्रोजन येतो तसाच परत जातो. ते 16 टक्के उरत नसते, तर तोंडाने दिलेल्या कृत्रिम श्वासाचा काही उपयोगच झाला नसता.

हा गैरसमज पक्का होतो चुन्याच्या निवळीच्या प्रयोगाने (कार्बन डायऑक्साइड मिसळला की ती दुधाळ होते), कारण तो अर्धाच करतात. फुंकलं, निवळी दुधाळ झाली, चला पुढे. अहो, तुलना कुठे आहे? मी दोन नळ्या ठेवते: एकीत फुंकायचं, दुसरीत सिरिंजने साधी हवा सोडायची. सिरिंज कारण 'हवा ओढून घ्या' म्हटलं की कुणीतरी निवळीच तोंडात ओढतं. आणि दुधाळ झाल्यावर थांबायचं. एका मुलीने पैजेखातर फुंकणं चालूच ठेवलं, तर निवळी पुन्हा नितळ झाली. तिने निष्कर्ष लिहिला, 'शरीरातला कार्बन डायऑक्साइड संपला.' खरं तर जास्तीच्या वायूमुळे दुधाळपणा आणणारं कॅल्शियम कार्बोनेट विरघळणाऱ्या बायकार्बोनेटमध्ये बदललं होतं.

ऑक्सिजन फुप्फुसांत 'वापरला' जात नाही. तिथे तो फक्त वायुकोशांच्या, म्हणजे फुप्फुसांतल्या हवेच्या इवल्याशा पिशव्यांच्या, पातळ भिंतीतून रक्तात शिरतो. वापर होतो पेशींतल्या तंतुकणिकांमध्ये (मायटोकॉन्ड्रियामध्ये). श्वासोच्छ्वास वेगळा, पेशींमधलं श्वसन वेगळं.

'भराभर श्वास घेतला की जास्त हवा मिळते' म्हणणाऱ्यांनी थोडं गणित करावं. एका शांत श्वासात साधारण 500 मिलिलिटर हवा येते. त्यातली सुमारे 150 नाक, घसा आणि नळ्यांतच अडकते, वायुकोशांपर्यंत पोचतच नाही. मिनिटाला 12 श्वास धरले तर 350 गुणिले 12, म्हणजे 4,200 मिलिलिटर कामाची हवा. आता उथळ श्वास घ्या, 250चे 24. एकूण हवा तेवढीच, 6,000. कामाची मात्र 100 गुणिले 24, फक्त 2,400.

पुढची चूक पेपरातली नाही, पाण्यातली आहे, म्हणून ती मी चिडून सांगते. पाण्याखाली जास्त वेळ राहायचं म्हणून पोरं आधी धापा टाकल्यासारखे वीस-तीस श्वास घेतात. त्याने ऑक्सिजनचा साठा जवळजवळ वाढत नाही. निरोगी माणसाच्या धमन्यांमधलं हिमोग्लोबीन, म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं द्रव्य, आधीच ऑक्सिजनने जवळपास भरलेलं असतं. होतं ते इतकंच की कार्बन डायऑक्साइड धुऊन जातो. आणि श्वास घ्यायची तगमग मुख्यतः त्याच वायूच्या वाढीमुळे होते. मेंदूला इशारा मिळायच्या आत ऑक्सिजन उतरतो आणि मुलगा पाण्याखालीच बेशुद्ध होतो. ही युक्ती कुणी शिकवत असेल तर त्याला तिथेच थांबवा.

बाकीच्या किरकोळ. दोन्ही फुप्फुसं सारखी काढू नका, उजव्याला तीन खंड, डाव्याला दोन. श्वासनलिका पुढे, अन्ननलिका मागे. श्वासनलिकेच्या कड्या पूर्ण गोल नसतात, मागून उघड्या असतात. कितीही जोराने उच्छ्वास केला तरी प्रौढ माणसाच्या फुप्फुसांत लिटरभराहून जास्त हवा उरतेच. अशुद्ध रक्त निळं नसतं, गडद लाल असतं; निळा रंग चित्रातला.

आणि श्वास मोजायचे असतील तर 'मी तुझे श्वास मोजते' असं सांगू नका. सांगितलं की समोरचा लगेच खोल, मापात श्वास घ्यायला लागतो. मी मनगट हातात धरते, नाडी बघत असल्यासारखी, आणि नजर ठेवते छातीवर. पंधरा सेकंद मोजून चारने गुणत नाही. एक श्वास चुकला तर उत्तरात चारांचा फरक पडतो. पूर्ण मिनिट मोजते. मुलं कंटाळतात, चुळबुळ करतात. मग तेवढे श्वास वाढतात, आणि मला पहिल्यापासून मोजावं लागतं.