तबलावाल्यांनो, ड्रम्स प्रोग्रॅमिंग शिकताय? मग हे वाचा

विशारद झालेली बरीच पोरं विचारतात की अंधेरी-वर्सोव्याच्या स्टुडिओत जिंगलचं वगैरे काम मिळतं का. मिळतं, पण नुसता तबला वाजवून भागत नाही, ड्रम्स प्रोग्रॅम करता यायला लागतात, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रम्सचा ठेका बसवता यायला हवा.

तीनतालाच्या १६ मात्रा आणि सीक्वेन्सरचे (ठेका बसवायच्या सॉफ्टवेअरचे) १६ चौकोन बघून आपल्याला वाटतं, हे तर आपलंच. तसं नसतं. आपला कान समेकडे, म्हणजे पहिल्या मात्रेकडे धावतो, इथे एकवर किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) असते खरी पण गाणं पुढे ढकलते ती चार ठोक्यांतल्या २ आणि ४ वरची स्नेअर (हाताने वाजणारा कडक आवाजाचा ड्रम). आधी किक-स्नेअरची पढंत करा, तोंडाने नीट म्हणता आलं की मगच पियानोसारख्या पट्ट्यांच्या कीबोर्डवर बोटं ठेवा आणि माऊसने ठिपके टाकत बसू नका, आपली बोटं तयार आहेत ना!

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ड्रमरला दोनच हात आणि दोनच पाय असतात. टॉम नावाच्या ड्रमवर दोन्ही हातांनी रोल (सलग भराभर ठोके) चालू असताना हातानेच वाजणारी हाय-हॅट (झांजांची जोडी) कशी चालू राहील? पायाने दाबून वाजेल, पण तो आवाज वेगळा. खराखुरा ड्रमर रिहर्सल करताना बसून बघा, आणि हातांपेक्षा पाय बघा.

व्हेलॉसिटी (नोट किती जोरात मारली त्याचा आकडा) १ ते १२७ असते आणि ती म्हणजे नुसता व्हॉल्यूम नाही. चांगल्या लायब्ररीत (ड्रम्सच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांच्या संचात) हळू मारलेल्या आणि जोरात मारलेल्या स्नेअरचं रेकॉर्डिंगच वेगळं असतं, शिवाय एकाच जोराची पण अनेक रेकॉर्डिंगं आलटून पालटून वाजतात, नाहीतर तोच तोच आवाज मशीनगनसारखा ऐकू येतो. मधल्या घोस्ट नोट्स (अगदी हळू मारलेले ठोके) २०-४० च्या आसपास ठेवून बघा. निकास (बोलाचा आवाज नीट काढणं) कळणाऱ्याला हे पटकन जमतं, इथे आपण पुढे असतो.

नोट नंबर पाठ करा, जनरल मिडीमध्ये (कुठला नंबर कुठल्या आवाजाला, याच्या ठरलेल्या पद्धतीत) किक ३६, स्नेअर ३८, बंद हॅट ४२, उघडी ४६. सुराच्या नावावर जाऊ नका, तीच ३६ एका सॉफ्टवेअरमध्ये सी१ दिसते आणि दुसऱ्यात सी२.

क्वांटाइझ (नोट्स आपोआप चौकोनांवर नेमक्या बसवणं) शंभर टक्के केलं की लय मरते. पण ह्युमनाइझचं बटणही मला पटत नाही, ते नोट्स कशाही इकडेतिकडे सरकवतं आणि चांगल्या ड्रमरचा हात असा भरकटत नाही, त्याची स्नेअर मागे असेल तर दर वेळी तेवढीच मागे असते. ९० बीपीएमला (मिनिटाला ९० ठोके) एक चौकोन साधारण १६७ मिलिसेकंदांचा, त्यात स्नेअर १० मिलिसेकंद मागे घेऊन ऐका.

वाजवताना बफर (कॉम्प्युटर एका वेळी किती आवाज साठवून पुढे पाठवतो ती सेटिंग) १२८ सॅम्पलवर ठेवा, जास्त असला तर बोट आणि आवाज यांत अंतर पडतं आणि तबलजीला ते लगेच खटकतं. आणि काम देताना किक, स्नेअर, हॅट, टॉम यांचे स्टेम (प्रत्येकाची स्वतंत्र ऑडिओ फाइल) वेगवेगळे काढून द्या, सगळं एकाच फाइलमध्ये दिलंत तर मिक्सवाला फोन करून परत मागणारच.