युवक मंडळाच्या कार्यालयासाठी गावची जागा भाडेपट्ट्याने देताना

युवक मंडळाला कार्यालयासाठी जागा द्यावी असे गावाच्या मनात आले, की ठरावाचा मसुदा लिहिण्याआधी ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा तलाठी) त्या जागेचा सातबारा काढावा. आपण जिला सहज ‘गावाची जागा’ म्हणतो, ती ग्रामपंचायतीची असेलच असे नाही. गायरान शासनाच्या मालकीचे असते. निस्तार पत्रकात, म्हणजे गावाच्या सामाईक वापराच्या जमिनींच्या नोंदीत, गुरांच्या आखरासाठी (गुरे एकत्र उभी करण्याच्या जागेसाठी), चराईसाठी किंवा स्मशानासाठी दाखवलेल्या जमिनीवर साऱ्या गावाचा हक्क असतो. आणि पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांत ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असलेली जमीन सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ मधील निकालानुसार वनजमीन मानली जाते. मंडळाचे काम कितीही चांगले असले, तरी अशा जमिनीवर ग्रामपंचायतीने भाडेपट्टा करू नये. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या नोंदवहीत असलेली गावठाणातील मोकळी जागा किंवा वापराविना पडलेली खोलीच निवडावी.

मंडळ नोंदणीकृत असावे आणि पट्टा मंडळाच्याच नावे व्हावा. अध्यक्षाच्या व्यक्तिगत नावे तो केल्यास पुढे ती जागा एका घराची होऊन बसते, आणि मग गावात कोणी कोणाला विचारायचे, हा प्रश्न उरतो.

त्यानंतर विषय ग्रामसभेपुढे ठेवावा. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. म्हणून पेरणीच्या किंवा कापूस वेचणीच्या धांदलीत ही सभा ठेवू नये. टोल्यावरच्या (गावाच्या लहान पाड्यावरच्या) आणि शेजारच्या वस्तीतील लोकांनाही दवंडी पोहोचावी, कारण जागा त्यांचीही आहे.

पट्टा तीन वर्षांहून अधिक मुदतीचा असेल, तर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. एक वर्षाहून अधिक मुदतीचा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवणे बंधनकारक आहे. माझ्या मते पहिला पट्टा तीन वर्षांचाच करावा आणि मंडळाचे काम पाहून तो वाढवावा. दस्तात चतुःसीमा, क्षेत्रफळ आणि वार्षिक भाडे स्पष्ट लिहावे. पोटभाडेकरू ठेवता येणार नाही, लेखी परवानगीशिवाय पक्के बांधकाम करता येणार नाही, आणि मुदत संपल्यावर अथवा मंडळ बंद पडल्यास जागा ग्रामपंचायतीकडे परत येईल, या अटी त्यात अवश्य असाव्यात. वाचनालय वा व्यायामशाळा चालवायची असेल, तर मुलींसाठी स्वतंत्र वेळ राखण्याची अटही घालावी. ती तोंडी ठेवली, तर पाळली जात नाही.

ताबा देताना ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), सरपंच आणि मंडळाचे पदाधिकारी यांनी जागा मोजून पंचनामा करावा, हद्दीचे दगड रोवावेत आणि भाड्याची पावती दरवर्षी मंडळाच्या नावेच फाडावी.