मलेरियाचं जीनोटायपिंग (डीएनएवरून परजीवीचा प्रकार ओळखणं) करताय? या चुका टाळा

घणसोलीच्या लेबर कॅम्पमधून जुलैत फिल्टर पेपरवर रक्ताचे थेंब घेतले आणि लगेच झिपलॉकमध्ये कोंबले, तिथेच पहिली माती खाल्ली. पावसाळ्यात नवी मुंबईत टॉवेल वाळत नाही, पेपर काय वाळणार. रात्रभर पंख्याखाली ठेवा, मग सिलिका जेलच्या पुड्या टाकून बंद करा, निळे मणी गुलाबी झाले की पुडी बदला.

पण खरा घोळ जेलवर होतो, म्हणजे पीसीआरने वाढवलेला डीएनए लांबीनुसार पट्ट्यांत (बँडमध्ये) वेगळा होतो तिथे. फाल्सिपेरम या मलेरिया परजीवीचं एमएसपी-२ हे जनुक लावलं होतं (एफसी-२७ आणि थ्रीडी-७ ही त्याची दोन कुळं, वेगवेगळ्या ट्यूबमध्ये तपासायची), एकाच पेशंटच्या एफसी-२७ च्या ट्यूबमधून जाड बँड आला आणि थ्रीडी-७ च्या ट्यूबमधून एकदम फिकट, तर आमच्यातल्या एकाने फिकट सोडूनच दिला, दुसऱ्याने लिहिलं हेटरोझायगस, म्हणजे एकाच परजीवीत जनुकाच्या दोन वेगळ्या प्रती!! अहो, माणसाच्या रक्तात हा परजीवी हॅप्लॉइड असतो, जनुकाची एकच प्रत, एका क्लोनचा (एकाच वंशाच्या परजीवींचा) एकच अ‍ॅलील (जनुकाचं रूप), म्हणजे दोन खरे बँड असतील तर निदान दोन क्लोन. फिकट बँड सोडत गेलात की अख्ख्या भागातली विविधता कागदावर कमी दिसते. उलट निगेटिव्ह कंट्रोलमध्ये (परजीवीचा डीएनए न घातलेल्या ट्यूबमध्ये) पण तोच बँड चमकला तर रन फेकून द्या, जीव जळतो पण द्या. नेस्टेड पीसीआरमध्ये (एका राऊंडचा माल घेऊन दुसरा राऊंड) पहिल्या राऊंडची ट्यूब उघडतानाच बहुतेक वेळा घाण पसरते, त्यासाठी पिपेट तरी वेगळं ठेवा.

व्हायवॅक्स या दुसऱ्या मलेरिया परजीवीत वेगळीच गंमत. पेशंट दोन महिन्यांनी परत आला, जीनोटाइप वेगळा निघाला, की आपण लिहून मोकळे, नवीन डास चावला. तसंच असेल असं नाही, लिव्हरमध्ये झोपलेल्या परजीवीतून, म्हणजे हिप्नोझॉइटमधून, वेगळा क्लोनही उठू शकतो. या झोपलेल्यांना मारणाऱ्या प्रायमाक्वीनचा 14 दिवसांचा कोर्स पूर्ण केला होता का, ते आधी विचारा.

आणि सगळ्यात महाग पडलेली चूक म्हणजे सँपल इथला म्हणून परजीवी पण इथलाच धरणं. पीएफसीआरटी या फाल्सिपेरमच्या क्लोरोक्वीन रेझिस्टन्सशी (औषध लागू न पडण्याशी) जोडलेल्या जनुकात भारतात बऱ्याच ठिकाणी एसव्हीएमएनटी हा प्रकार सापडतो, सीव्हीआयईटी ईशान्येकडे नेहमीचा, मग तो इथे एखाद्यात दिसला की लगेच ठाण्यात नवीन रेझिस्टन्स आला म्हणून नाचू नका. आमच्या फॉर्मवर "प्रवास केला का?" असं होतं, सगळे नाही म्हणायचे. "गाव कब गये थे भैया?" विचारल्यावर एकजण म्हणाला, परसों ही तो झारखंड से लौटे हैं. गावी जाणं म्हणजे प्रवास, हे त्याच्या डोक्यातच नव्हतं.