सुपरहिरो सिक्वेल पुन्हा पाहताना: बलस्थानं आणि कथानकातली भोकं कशी तपासायची

फेरतपासणीत सर्वांत आधी एक गोष्ट ठरवा: तुम्ही नेमकी कोणती आवृत्ती पाहणार आहात? निम्मे वाद इथेच मिटतात. 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन' (२०१६) घ्या. सुनावणीच्या वेळी व्हीलचेअरमधला बॉम्ब फुटतो, मग आरपार पाहू शकणाऱ्या सुपरमॅनला तो दिसला कसा नाही? थिएटरमध्ये दाखवलेल्या आवृत्तीत याचं उत्तर नाही. सुमारे अर्धा तास जास्त असलेल्या अल्टिमेट एडिशनमध्ये आहे: खुर्चीला आतून शिशाचा थर होता आणि शिशापलीकडचं त्याला दिसत नाही. म्हणजे उत्तर लिहिलेलं होतं, संकलनात गेलं.

उलटंही घडतं. 'सुपरमॅन टू' १९८० मध्ये रिचर्ड लेस्टरच्या नावाने आला, मूळ दिग्दर्शक रिचर्ड डॉनरची आवृत्ती २००६ मध्ये निघाली. लेस्टरच्या शेवटात सुपरमॅन एका चुंबनाने प्रेयसी लोइसच्या मनातून आपली खरी ओळख पुसतो. ही शक्ती त्याआधी चित्रपटात कुठेच दिसलेली नाही. डॉनरच्या शेवटात तो काळच मागे फिरवतो, पण त्यानंतर हॉटेलात जाऊन ज्या माणसाला धडा शिकवतो, त्याने सुपरमॅनला केलेली मारहाण काळ फिरल्यावर घडलेलीच नसते. दोन आवृत्त्या, दोन वेगळी भोकं. नोंदवहीच्या पहिल्या ओळीत आवृत्ती आणि तिची लांबी लिहा.

तयारी आणि दोन वेळा पाहणं

सिक्वेलच्या आधी मूळ चित्रपट पाहा आणि त्यातून एक पानभर नियम काढा. नायकाला काय जमतं, काय जमत नाही, शक्तीची किंमत काय, कोण जिवंत आहे, आणि कोणाला काय माहीत आहे. शेवटचा मुद्दा लोक सर्रास विसरतात, आणि सिक्वेल नेमके तिथेच घसरतात. 'नो वे होम' (२०२१) मध्ये पीटर पार्कर हाच स्पायडरमॅन आहे हे जाणणारे लोक जादूमुळे दुसऱ्या विश्वांतून ओढले जातात. पण २०१४ च्या 'द अमेझिंग स्पायडरमॅन २'मधल्या इलेक्ट्रो या खलनायकाला हे गुपित कधी कळलेलंच नव्हतं. 'कोणाला काय माहीत' ही यादी हाताशी असेल तर हे भोक लगेच सापडतं.

सिक्वेल पहिल्यांदा न थांबवता, काहीही न लिहिता पाहा. कुठे गुंतलात आणि कुठे लक्ष उडालं एवढंच संपल्यावर टिपा. दुसऱ्यांदा पाहताना सबटायटल्स चालू ठेवा, कारण बरीचशी स्पष्टीकरणं हाणामारीच्या गोंगाटात बोलली जातात. डबिंग पाहत असाल तर शंकेची जागा मूळ भाषेतही ऐका. पानावर चार रकाने आखा: वेळ, काय घडलं, कोणता नियम लागू होतो, शंका. शंका नेहमी प्रश्नाच्या रूपात लिहा. 'हे मूर्खपणाचं आहे' असं लिहिलं की पुढे तपासायला काही उरत नाही.

शंकांची वर्गवारी

इथेच सर्वाधिक गफलत होते. न पटलेल्या प्रत्येक गोष्टीला 'प्लॉट होल' म्हटलं की खरी भोकं त्या ढिगात हरवतात. भोक म्हणजे चित्रपटाने स्वतःचाच नियम किंवा स्वतःच सांगितलेला हेतू मोडणं. बाकीच्यांना वेगळी नावं द्या.

विरोधाभास न करणाऱ्या एका वाक्याने जागा बुजत असेल तर ती फक्त गाळलेली जागा. 'द डार्क नाइट राइझेस' (२०१२) मध्ये दूरदेशीच्या तुरुंगातून सुटलेला ब्रूस (म्हणजेच बॅटमॅन) नाकेबंदी असलेल्या गॉथममध्ये पोहोचला कसा, हे दाखवलेलं नाही. पण चोरून शहरात शिरणं त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे असंही चित्रपट कुठे म्हणत नाही. 'द डार्क नाइट' (२००८) मध्ये रेचलला वाचवायला बॅटमॅन खिडकीबाहेर झेपावतो, मग वर पार्टीत राहिलेल्या जोकरचं काय झालं? गाळलेली जागाच, पण जास्त टोचणारी, कारण जोकर ज्या सरकारी वकील हार्वी डेंटला शोधत आला होता तो त्याच इमारतीत होता.

'एंडगेम' (२०१९) मधला उंदीर बटणावरून जातो आणि अडकून पडलेला स्कॉट लँग (अँटमॅन) सुटतो, हा योगायोग. आवडो न आवडो, नियम मोडत नाही. 'एक्स-मेन: द लास्ट स्टँड' (२००६) मध्ये धातू हलवू शकणारा मॅग्नेटो पूल हलवायला घेतो तेव्हा ऊन असतं आणि पूल टेकेपर्यंत अंधार पडतो, ही सलगतेची चूक. एका ओळीत नोंदवा आणि पुढे जा. पात्राने रागात किंवा भीतीत चुकीचा निर्णय घेतला, तर तो स्वभाव. त्याला भोक म्हणणं हा लेखकावर अन्याय आहे.

आता खरं भोक जवळून पाहू. 'स्पायडरमॅन २' (२००४) मध्ये खलनायक डॉक्टर ऑक्टोपसला ट्रिटियम (त्याच्या यंत्राचं इंधन) हवं असतं. ते ज्याच्याकडे आहे तो पीटरचा मित्र हॅरी अट घालतो: स्पायडरमॅन आणून दे, त्याचा पत्ता पीटरकडून मिळेल, पण पीटरला इजा करू नकोस. पीटरच स्पायडरमॅन आहे हे दोघांनाही माहीत नाही. तरीही ऑक्टोपस कॅफेची काच फोडून सरळ पीटर आणि मेरी जेनच्या अंगावर गाडी फेकतो. पीटर साधा माणूस असता तर जागीच मेला असता, आणि पत्ता सांगणारा एकमेव माणूसही गेला असता. हेतू आणि कृती यांचा इथे मेळ बसत नाही.

वजन कसं ठरवायचं

भोक सापडलं की ते दुरुस्त झालं आहे असं समजून पुढची कथा मांडा. ऑक्टोपस शांतपणे आत आला आणि त्याने पीटरची गचांडी धरली, तर? निरोप तोच, मेरी जेनचं अपहरण तेच, शेवट तोच. पीटरची धोक्याची जाणीव परत आल्याचं एक दृश्य तेवढं जातं. म्हणजे भोक खरं, पण हलकं. इलेक्ट्रोच्या बाबतीत नियम काटेकोर पाळला तर शेवटच्या लढतीतला एक खलनायकच गळतो. हे जास्त जड. तरीही जगाने आपल्याला विसरावं हा पीटरचा निर्णय शाबूत राहतो, त्यामुळे चित्रपट कोसळत नाही. नायकाच्या मुख्य निर्णयाचं कारणच नाहीसं करणारं भोक सर्वांत जड माना.

भोकांची बेरीज मात्र करू नका. चाळीस किरकोळ शंका मिळूनही एका जड भोकाएवढ्या होत नाहीत.

बलस्थानांनाही तोच काटेकोरपणा

'अभिनय छान, ॲक्शन जबरदस्त' ही नोंद निरुपयोगी आहे. मूळ चित्रपटाला जे शक्य नव्हतं ते सिक्वेलने काय केलं, ते वेळेसह लिहा. ॲक्शनचं दृश्य आवाज बंद करून पाहा: कोण कुठे आहे, कोणाला काय हवं आहे, हे तरीही कळतं का? 'द विंटर सोल्जर' (२०१४) मधला लिफ्टचा प्रसंग या चाचणीत उत्तम उतरतो. मजल्यागणिक माणसं आत येतात, एकाचा हात शस्त्राजवळ, दुसऱ्याच्या कपाळावर घाम. पहिला ठोसा पडण्याआधीच स्टीव्हबरोबर (कॅप्टन अमेरिका) आपल्यालाही सगळं समजलेलं असतं.

'स्पायडरमॅन २' मधल्या रेल्वेच्या प्रसंगात तो आधी पायांनी गाडी रोखायचा प्रयत्न करतो, ते फसतं, मग दोन्ही बाजूंच्या इमारतींना जाळी चिकटवतो. मुखवटा उतरलेला असतो, आणि वाचलेले प्रवासीच त्याला हातांवर उचलून आत घेतात. त्याच्या शक्ती का जातात याचं शारीरिक कारण मिळत नाही म्हणून काही जण तक्रार करतात. पण डॉक्टरशी होणारं बोलणं नीट ऐकलं तर कारण मनात आहे हे स्पष्ट होतं, आणि त्या मनःस्थितीवरच चित्रपट उभा आहे. अशी जागा बलस्थानांत लिहा.

बाहेरची स्पष्टीकरणं

कॉमिक्स आणि मुलाखतींतली उत्तरं वेगळ्या पानावर ठेवा. 'एंडगेम'च्या शेवटी म्हातारा स्टीव्ह बाकावर कुठून आला, यावर लेखक आणि दिग्दर्शक यांचीच मतं जुळलेली नाहीत. पुढच्या भागाने केलेला घोळही आधीच्या भागाच्या खात्यावर टाकू नका. 'द लास्ट स्टँड'मध्ये एक्स-मेनचा नेता झेवियर याचं शरीर नष्ट होतं, आणि 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट'मध्ये (२०१४) तो जुन्याच रूपात हजर असतो. हा हिशेब २०१४ च्या चित्रपटाने द्यायचा.

शेवटी सर्वांत जड वाटलेलं भोक, हाच चित्रपट मनापासून आवडणाऱ्या माणसासमोर मांडा आणि उत्तर फक्त चित्रपटातूनच द्यायला सांगा. त्याने दृश्य दाखवलं तर तुमची नोंद खोडा आणि शेजारी त्या दृश्याची वेळ लिहा.