पावसाच्या आधी चर काढा, जिप्समचं नंतर बघू

क्षारपड रान असलेल्या मंडळींचा दरवर्षी एकच प्रश्न, एकरी जिप्सम (जमीन सुधारायला टाकतात ती कॅल्शियमची भुकटी) किती टाकू? अहो पण आधी हे सांगा, तुमच्या रानातलं पाणी बाहेर जातंय कुठून? खाली पाणी तुंबलेलं असेल तर वरून काहीही टाका, उन्हाळ्यात दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं ते खारं पाणी वर येतं, पाणी उडून जातं आणि मीठ तेवढं मागं राहतं, रान पांढरं दिसतं ते त्यामुळंच.

म्हणून आत्ता, पाऊस लागायच्या आधी, रान मोकळं आहे तोवर चराचं काम उरकून घ्या. पाण्याची पातळी दीड मीटरच्या आत आली असेल तर टाळाटाळ नकोच. उघडे चर स्वस्त पडतात पण जागा खातात, कडा ढासळतात, गाळ काढत बसावं लागतं. झेपत असेल तर जमिनीखालून सच्छिद्र पाईप टाका, साधारण 1 ते 1.5 मीटर खोल, भोवती फिल्टर हवाच नाहीतर बारीक मातीनं भोकं बुजतात. उतार लेव्हल लावूनच काढा, नजरेच्या अंदाजानं नको. आणि पाईपचं तोंड ज्या नाल्यात सोडणार तो पाईपपेक्षा खोल आहे ना, हे खोदायच्या आधी बघा!

माती तपासल्याशिवाय जिप्सम आणूच नका. ईसी (मातीत मीठ किती ते दाखवणारा रिपोर्टमधला आकडा, डेसिसायमन प्रति मीटरमध्ये) 4 च्या वर पण सामू (pH) 8.5 च्या आत असेल तर जमीन खारवट, तिला सहसा जिप्सम लागत नाही, बांध घालून पावसाचं गोडं पाणी मुरवायचं, फूटभर मातीतून फूटभर पाणी खाली उतरलं की साधारण 80 टक्के मीठ धुऊन जातं. सामू 8.5 च्या वर आणि विनिमययुक्त सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम) 15 टक्क्यांच्या वर असेल तर ती चोपण, तिथं जिप्सम लागतं, किती ते रिपोर्ट बघून. दोन्ही दोष असतील तर जिप्सम आधी, धुणं नंतर, उलटं केलं तर मीठ जाईल पण सोडियम मातीला चिकटून राहील आणि पाणी मुरायचंच बंद होईल. चुनखडीच्या रानात गंधक चालतं, पण त्याचं आम्ल जिवाणू बनवतात, त्यामुळं ओल पाहिजे आणि दम पण.

मग धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) पेरा, क्षार बऱ्यापैकी सोसतो, दीड महिन्याचा कोवळा असतानाच गाडायचा, खोड लाकडासारखं झालं की कुजायला वेळ लागतो. शेणखत कुजलेलंच घाला. कोंबडीखत मात्र जपून, त्यात क्षार असतात, ते रानात अजून कशाला.

पुढचं पीक सरीवर घेणार असाल तर बी वरंब्याच्या माथ्यावर टोकू नका, मीठ तिथंच गोळा होतं, बगलेला टोका. आणि विहीर-बोअरच्या पाण्याची ईसीपण एकदा तपासून घ्या.