प्लेयर घ्यायला जाताना घरची डिस्क घेऊन जा

कराडला आमचा स्टुडिओ होता. हे कॅमेरा घेऊन लग्नाच्या शूटिंगला जायचे आणि मी मागे दुकानात बसून मिक्सिंग करायचे. मिनी डीव्हीची कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायची, दिवसभराचं लग्न तीन तासांत बसवायचं, डीव्हीडी राइट करायची आणि वर नवरानवरीचा फोटो छापून द्यायचा. स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षं झाली, तरी जुन्या गिऱ्हाइकांचे फोन येतात. "ताई, कपाट आवरताना लग्नाची सीडी सापडली. लावायची कशावर? लॅपटॉपला आता ड्राइव्हच नसतो. कुठला प्लेयर घेऊ?"

फोनवर मी जे तुटक तुटक सांगते ते एकदा सलग लिहून काढते. हे सगळं अडीच-तीन हजारांच्या आतल्या साध्या डीव्हीडी प्लेयरबद्दल आहे आणि ज्यांच्याकडे घरच्या लग्नामुंजीच्या डिस्क, जुन्या नाटकांच्या व्हीसीडी, म्हणजे साध्या सीडीवर भरलेले व्हिडिओ, असं सामान आहे त्यांच्यासाठी आहे.

आधी खोक्यावरच्या आकड्याबद्दल. '१०८०पी', 'फुल एचडी' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या डीव्हीडीत चित्र असतं ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं. व्हीसीडीत तर ३५२ बाय २८८. प्लेयर तेच चित्र ताणून मोठं करतो आणि टीव्हीला पाठवतो. ताणण्याचं काम एखादा सफाईदार करतो, एखादा ओबडधोबड, आणि हा फरक खोक्यावर कुठेच लिहिलेला नसतो. आईच्या घरी आहे तसा ३२ इंची 'एचडी रेडी' टीव्ही असेल तर त्याचा पडदाच बहुधा १३६६ बाय ७६८ चा असतो. म्हणजे प्लेयरने १०८० पर्यंत ताणलेलं चित्र टीव्ही पुन्हा आवळून लहान करतो. तेव्हा त्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

दुकानात जाताना तीन डिस्क पिशवीत टाका. एक कंपनीची, म्हणजे विकत घेतलेल्या सिनेमाची डीव्हीडी. दुसरी स्टुडिओतून राइट करून मिळालेली, घरातली सगळ्यांत जुनी. तिसरी व्हीसीडी, नाटकाची किंवा कीर्तनाची, जी घरी असेल ती. दुकानदार स्वतःची डेमो डिस्क किंवा पेनड्राइव्ह लावून दाखवेल, ती बघा हवं तर, पण तिच्यावरून ठरवू नका. त्यात फुलं उमलतात, मासे संथ पोहतात. असलं चित्र कुठल्याही प्लेयरवर छान दिसतं.

पहिली परीक्षा डिस्क उचलते का, हीच. ट्रे आत गेल्यापासून मेनू येईपर्यंत मनात आकडे मोजा. कंपनीची डिस्क लवकर येते. राइट केलेल्या डिस्कवर प्लेयर चाचपडतो, मोटर दोनदा-तीनदा फिरून थांबते. वीसपर्यंत मोजलं आणि चित्र आलं तर ठीक. त्यापुढे घरघर चालूच राहिली तर तो प्लेयर बाजूला ठेवा, कारण नवीन असताना जो इतका अडखळतो त्याची लेन्स वर्षभराने धूळ खाल्ल्यावर काय करेल? तुमच्याकडे आरडब्ल्यू, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी डिस्क असेल तर तीही न्या. ती उजेड बराच कमी परत फेकते, त्यामुळे अशक्त लेझरची लगेच परीक्षा होते.

व्हीसीडी वेगळी लावून बघायची कारण डीव्हीडी आणि सीडी एकाच लेझरने वाचत नाहीत. डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लाल किरण लागतो, सीडीला ७८० चा. डोकं एकच दिसलं तरी आत दोन डायोड असतात आणि त्यातला एक ठणठणीत, दुसरा मरगळलेला असू शकतो. "डीव्हीडी चालते, पण नाटकाची सीडी घेत नाही" ही तक्रार त्यातूनच येते. आणखी एक, व्हीसीडीची छापील बाजू जपा. सीडीत माहितीचा थर त्या छपाईच्या लगेच खाली असतो. तिथे ओरखडा गेला, पापुद्रा निघाला की ते दृश्य कायमचं गेलं. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती थोडी सुरक्षित.

आता चित्र. यावर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवते आणि तुम्हीही घालवावा.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न २००४ सालचं. शूटिंग ह्यांचंच, मिक्सिंग माझं. बाबा गेल्यानंतर आईला ती डीव्हीडी बघायची होती म्हणून मी तिच्यासाठी एक प्लेयर आणला, दुकानात डेमोवर फार सुंदर दिसला होता. घरी लावला. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली आला, बाबांनी अक्षता टाकायला हात वर केला आणि त्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात फुटावेत तशा आडव्या रेघा निघाल्या. अक्षतांचे दाणे तर दिसेनातच, पांढऱ्या तुटक रेघांचा पाऊस नुसता. मी तो तुकडा पुन्हा पुन्हा लावला. ही फ्रेम मीच कापली होती, मास्टरमध्ये हात स्वच्छ होता हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी दुकानदार म्हणाला, डिस्क खराब आहे. मी त्याच दुकानातल्या दुसऱ्या प्लेयरवर तीच डिस्क लावून दाखवली. हात व्यवस्थित आला. त्याने प्लेयर बदलून दिला.

असं का होतं ते सांगते, म्हणजे तुम्हाला दुकानात ठामपणे बोलता येईल. लग्नाचे कॅमेरे तेव्हा एक फ्रेम दोन हप्त्यांत टिपायचे. आधी एकाआड एक अशा अर्ध्या ओळी, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या अर्ध्या. जुना पेटीसारखा टीव्ही त्याच क्रमाने ओळी दाखवायचा, म्हणून तेव्हा काही जाणवायचं नाही. एलईडी टीव्ही सगळ्या ओळी एकदम दाखवतो. दोन हप्त्यांच्या मधल्या वेळात हात पुढे सरकलेला असतो, म्हणून ते नुसते एकत्र शिवले की कडेला दात दिसतात. चांगला प्लेयर हलणारा भाग ओळखून तिथे ओळी भरून काढतो. स्वस्तातला नुसता शिवतो. सिनेमात दोन्ही हप्ते एकाच क्षणाचे असतात, त्यामुळे सिनेमाची डिस्क लावून हा दोष कधीच सापडणार नाही. अक्षता, वरातीतला नाच, लेझीम, पोरांची पळापळ, असलं काही लावा आणि पडद्याजवळ जाऊन हाताच्या, काठीच्या कडा बघा.

यातून एक उपयोगी गोष्ट निघते. एचडीएमआयने जोडलं की ओळी जुळवण्याचं काम स्वस्त प्लेयर सहसा स्वतःच करतो. पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांच्या एव्ही केबलने जोडलं तर तो अर्ध्या ओळी तशाच पाठवतो आणि जुळवणी टीव्ही करतो. टीव्ही बऱ्या कंपनीचा असेल तर हे काम त्याला प्लेयरपेक्षा चांगलं जमतं. आईकडे मी दोन्ही लावून पाहिलं. पहिल्या प्लेयरवर एव्ही केबलने बाबांचा हात नीट आला, पण बहिणीच्या लाल शालूचा रंग काठाबाहेर उजवीकडे सांडला आणि मुंडावळ्यांच्या कडेने ठिपके मुंग्यांसारखे चालायला लागले. पिवळ्या पिनेत रंग आणि उजेड एकाच तारेतून जातात, त्याचा हा परिणाम. प्लेयरला आणि टीव्हीला लाल-हिरव्या-निळ्या अशा तीन चित्राच्या पिना असतील, ज्याला कंपोनंट म्हणतात, तर त्या जोडून सेटिंगमध्ये 'इंटरलेस' ठेवा, म्हणजे अर्ध्या ओळी तशाच जातील. रंगही सांडत नाहीत आणि जुळवणीही टीव्हीकडे राहते. माझ्या मते लग्नाच्या डीव्हीडीला स्वस्तात मिळणारं हे सगळ्यांत चांगलं चित्र. नव्या टीव्हींना मात्र ही भोकं कमीच दिसतात, तेव्हा घरून निघण्यापूर्वी टीव्हीच्या मागे बघून या. एव्ही पिनांच्या जागी एकच बारीक हेडफोनसारखं भोक असेल तर टीव्हीसोबत आलेली आखूड वायर शोधा. बाजारातली मिळतीजुळती वायर दरवेळी चालत नाही, आतल्या जोडणीचा क्रम वेगळा असू शकतो.

लाल रंग मुद्दाम बघा. डीव्हीडीत रंगाची माहिती उजेडाच्या चौथाईच साठवलेली असते आणि तिची उणीव लालवर सगळ्यांत आधी कळते. शालूचा काठ, कुंकू, फेट्याचा तुरा. तिथे आडव्या पायऱ्या दिसत असतील तर प्लेयर रंग नीट भरत नाही. मग रात्रीचं दृश्य लावा, वरातीचं किंवा पाठवणीचं. काळोखात चौकोनी ठोकळे सरकताना दिसले तर लगेच प्लेयरला दोष देऊ नका. आम्ही मिक्सिंगवाले तीन तासांचं लग्न ४.७ जीबीच्या एकाच डिस्कमध्ये बसवायचो. तेवढ्या जागेत सेकंदाला जेमतेम साडेतीन मेगाबिट वाट्याला येतात, जिथे डीव्हीडीला ९.८ पर्यंत मुभा असते. ते ठोकळे डिस्कमध्येच आहेत. तसंच हलणारं सगळंच पुढेमागे थरथरत असेल, कुठल्याही प्लेयरवर, तर मिक्सिंगच्या वेळी दोन हप्त्यांचा क्रम उलटा लागलेला आहे. त्यालाही प्लेयर बदलून उपाय नाही.

विकत घेण्याआधी सेटअप मेनूत दोन गोष्टी तपासा. टीव्ही सिस्टिम 'पाल', म्हणजे आपल्याकडची २५ फ्रेमची पद्धत, किंवा 'ऑटो' हवी. 'एनटीएससी'वर, म्हणजे अमेरिकेतल्या पद्धतीवर, राहिली तर सेकंदाच्या २५ फ्रेमच्या ओढूनताणून ३० होतात आणि कॅमेरा मंडपात फिरला की चित्र हिसके खातं. दुसरं, पडद्याचा आकार. जुनी लग्नं ४:३ मध्ये आहेत. ती १६:९ ला ताणली की नवरी आडवी रुंद दिसते. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू द्यात, माणसं आहेत तशी दिसतील. हा आकार कधी प्लेयरमधून बदलतो, कधी टीव्हीच्या रिमोटवरून.

'प्रोग्रेसिव्ह' किंवा 'पी-स्कॅन' नावाचं बटण एव्ही केबल लावलेली असताना दाबू नका. पडदा काळा होतो आणि प्लेयर बिघडला असं वाटतं. डिस्क बाहेर काढून तेच बटण पुन्हा दाबलं की बहुतेक प्लेयर जागेवर येतात.

यूएसबीला भुलून प्लेयर घेणारे फार. बऱ्याच स्वस्त प्लेयरना जुन्या डिव्हएक्स फाइली चालतात, मोबाइलवर काढलेला व्हिडिओ चालत नाही, कारण त्याची बांधणी वेगळी. दोन्हींना 'एमपीईजी-४' म्हणतात म्हणून गल्लत होते. पेनड्राइव्ह 'फॅट३२' पद्धतीने फॉरमॅट केलेला लागतो आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. एमपीथ्री भजनं ऐकायला मात्र यूएसबी उत्तम. ५.१ आवाज, कराओकेचं भोक यासाठी जास्त पैसे नकोत, लग्नाचा आणि नाटकाचा आवाज साधा स्टिरिओ असतो. 'रिझ्यूम' असलेला मात्र बघून घ्या. नाटक अर्ध्यावर असताना वीज गेली तर परत तिथूनच सुरू करणारा प्लेयर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना फार सोयीचा. त्यासाठी दुकानात चालू डिस्कवर प्लग काढून पुन्हा लावायला सांगा. नुसतं रिमोटने बंद करून कळत नाही.

अमेरिकेतल्या मुलाला लग्नाची डिस्क पाठवणार असाल तर त्याला तिकडचा प्लेयर 'पाल' घेतो का ते आधी पाहायला सांगा. राइट केलेल्या डिस्कला रीजनचं, म्हणजे कुठल्या देशात चालेल याचं, बंधन नसतं, अडतं ते पालवर. तिकडे पद्धत एनटीएससीची आणि तिथले पुष्कळ प्लेयर पाल डिस्क नाकारतात. कॉम्प्युटरवर मात्र ती बिनतक्रार चालते.

त्यावरून, तुम्हाला घरातला कॉम्प्युटर वापरता येत असेल तर बाहेरून लावायचा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह हा प्लेयरपेक्षा स्वस्त मार्ग आहे. व्हीएलसी या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'डीइंटरलेस' (ओळी जुळवणं) चालू करून 'याडिफ' निवडा, अक्षता दाण्यादाण्यांनी दिसतील. आणि डिस्क उचलली जातेय तोवर तिची कॉपी हार्ड डिस्कवर करून ठेवा. राइट केलेल्या डिस्कमधला रंगाचा थर उन्हाने, दमटपणाने उडत जातो, हे मी आमच्याच दुकानातल्या जास्तीच्या प्रतींवर पाहिलं आहे.

आईला कॉम्प्युटर नको होता. तिच्याकडे बदलून आणलेला प्लेयर एचडीएमआयने जोडला आहे, ५७६ वर, पाल, ४:३. ह्या तिन्ही सेटिंग मी कागदावर लिहून प्लेयरच्या पोटाला चिकटवल्या आहेत, कारण नातवंडांनी बटणं दाबली की परत लावायला फोनवर सांगणं अवघड जातं. रिमोटवर ट्रे, प्ले आणि थांबा एवढीच बटणं मोकळी ठेवून बाकीच्यांवर पांढरी चिकटपट्टी लावली. थांबाच्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे, तो तिचा तिनेच लावला. बाबांचा हात वर गेला की ती तिथे थांबवते.