गोव्यात घरोघरी सर्वेक्षण करताना: आधी प्रश्नाची बोली ठरवा

गोव्यात सर्वेक्षण फसते ते आकडेमोडीत कमी, दारात जास्त. प्रश्नावली मराठीत छापलेली, उत्तर देणारी व्यक्ती कोकणी बोलणारी आणि सर्वेक्षक उभ्या उभ्या भाषांतर करणारा. पाच सर्वेक्षक असले की एकाच प्रश्नाचे पाच प्रश्न होतात. म्हणून कोकणीत नेमके काय विचारायचे, ते प्रत्येक मराठी प्रश्नाखाली लिहून द्या. सासष्टी-बार्देश या गोव्याच्या तालुक्यांत स्वतः वाचून भरायची प्रश्नावली असेल तर रोमी (रोमन) लिपीतली प्रतही लागेल. मग मूळ न पाहिलेल्या माणसाकडून तो कोकणी प्रश्न परत मराठीत करून घ्या. अर्थ कुठे सरकला ते लगेच दिसते.

साधे शब्द जास्त फसवतात. ‘घरात माणसे किती?’ यात जहाजावर गेलेला तारवटी (खलाशी) मुलगा धरायचा का? एक आई धरते, दुसरी धरत नाही. ‘गेल्या ६ महिन्यांत या घरात किमान ३० रात्री राहिलेली माणसे किती?’ असे विचारा, बाहेर नोकरीला असलेल्यांसाठी वेगळा प्रश्न ठेवा. ‘पंचायत कचरा आणि गटारे नीट पाहते का?’ हेही एकात कोंबलेले दोन प्रश्न.

चाचणी १५ ते २० जणांवर घ्या. नुसते उत्तर टिपू नका. ‘मी काय विचारले, ते तुमच्या शब्दांत सांगा’ म्हणा. तिघे-चौघे अडखळले तर प्रश्न बदला आणि नव्या माणसांवर पुन्हा तपासा. ही उत्तरे अंतिम नोंदीत मिसळू नका.

९५ टक्के विश्वासपातळी (म्हणजे शंभरदा नमुना घेतला तर साधारण ९५ वेळा अंदाज चुकीच्या मर्यादेत राहतो) आणि ±५ टक्के चूक धरली तर साध्या यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारख्या, नमुन्याला ३८५ जण पुरतात. पण एकाच वाड्यावरची (गावातल्या एका वस्तीतली) उत्तरे एकमेकांसारखी असतात, म्हणून दीडपट धरा: ५८ वाडे, प्रत्येकी १० घरे. मतदारयादीत भाडेकरू आणि परप्रांतीय कामगार बरेचदा सुटतात. त्यापेक्षा वाड्यातली घरे स्वतः मोजा. १२० घरे असतील तर १ ते १२ मधला एक आकडा चिठ्ठीने काढा आणि तिथून दर बारावे घर घ्या. घरातल्या प्रौढांपैकी ज्याचा वाढदिवस सर्वांत आधी येणार, त्यालाच विचारा. कुलूप दिसले म्हणून शेजारी जाऊ नका, नाहीतर नमुन्यात घरी बसलेली म्हातारी माणसेच भरतील. वेगवेगळ्या वेळी तीनदा जा. दुपारी १ ते ४ झोपेची वेळ, तेव्हा दार वाजवणे म्हणजे नकार मागून घेणे. चतुर्थीचे दिवसही टाळा.

संमती घेताना विषय, लागणारा वेळ आणि मध्येच थांबण्याची मुभा, तिन्ही सांगा. ओळख करून द्यायला पंच किंवा सरपंच सोबत नेला की संमती मोकळी राहत नाही, पंचायतीविषयीची उत्तरे तर हमखास गोड होतात. एखाद्या सर्वेक्षणात १८ वर्षांखालच्यांना विचारायचे असेल तर पालकांची संमती घ्या. नावे-फोन वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, उत्तरांवर फक्त क्रमांक. तेवढ्यानेही भागत नाही: छोट्या वाड्यावर ‘तारवटी, वय ५२, ख्रिस्ती’ एवढ्यावरून गाव माणूस ओळखतो. अहवालात वाड्याऐवजी तालुका द्या आणि पाचपेक्षा कमी जणांचा रकाना दुसऱ्यात मिसळा.